मूकपटांचे नट (लेखांक 4) : कमलाबाई गोखले

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली, कारण त्या कामासाठी एकही स्त्री मिळू शकली नाही, हे मागील लेखांकात पाहिले. त्याच वर्षी तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढील काळातील कमलाबाई गोखले, यांनी मोहिनीची भूमिका केली.

या बदलाचे मूळ रंगभूमीत आहे. तमाशात स्त्रिया पूर्वीपासून पुरुषांसोबत नाचत-गात असत. परंतु स्वतःला प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या संगीत नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका ‘स्त्रीपार्टी’ नटांकडे, म्हणजे लुगडे नेसून स्त्रीचे काम करणाऱ्या पुरुषांकडेच असत. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी उपजीविकेसाठी रंगभूमी पत्करली आणि अगदी लहान वयात कमलाबाईही तिच्यावर उभ्या राहिल्या, त्यामुळे फाळके यांना तयार अभिनेत्री लाभल्या. मोहिनी हे विष्णूने धारण केलेले स्त्रीरूप असल्याने, पुरुषांनी स्त्रिया रंगविण्याच्या त्या काळात एका मुलीने पुरुष देवतेचे सोंग पडद्यावर आणले, ही या भूमिकेतील विशेष गोष्ट होय.

मूकपटात नटाचा आवाज ऐकू येत नसे. कथेचा दुवा पडद्यावर उमटणाऱ्या मजकुराच्या पाट्यांनी जोडला जाई आणि उरलेले सर्व मुद्रा व हालचालींनी सांगावे लागे. ज्या रंगभूमीवर गाणे हेच नटाचे भांडवल होते, तिथून आलेल्या कलावंतास हे माध्यम निम्मेच वापरू शकत होते. तुलनेसाठी, बालपणीच नाटकात आलेली अभिनेत्री मेरी पिकफर्ड 1909 पासून अमेरिकेत चित्रपटांत काम करू लागली आणि तिथल्या स्थिरावलेल्या चित्रव्यवसायाने तिला अफाट संपत्ती दिली. फाळके यांच्या नाशिकच्या उद्योगाला तसे पाठबळ नव्हते, म्हणून कमलाबाईंची कारकीर्द पुन्हा रंगभूमीकडे वळली.

रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाह झाल्यावर त्या गोखले बंधूंच्या ‘चित्ताकर्षक नाटक मंडळी’त प्रमुख अभिनेत्री झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यानंतर तिन्ही मुलांचा सांभाळ त्यांनी अभिनयाच्याच बळावर केला. त्यांपैकी चंद्रकांत गोखले नामवंत नट झाले आणि नातू विक्रम गोखले यांनी तोच वारसा चालविला. बोलपट आल्यावर कमलाबाई पुन्हा पडद्यावर दिसू लागल्या आणि 1980 च्या ‘गहराई’पर्यंत अधूनमधून काम करीत राहिल्या. 1997 मध्ये त्यांचे निधन झाले.

म्हणून ‘पहिली अभिनेत्री’ एवढ्या बिरुदाने त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही. पडद्याने त्यांना इतिहासात स्थान दिले. घर मात्र दीर्घकाळ रंगभूमीच्या मिळकतीवर चालले. याच्या उलट, मूकपटांवरच लौकिक मिळवून पुढे ‘आलम आरा’ या बोलपटाचे नायक झालेल्या मास्टर विठ्ठल यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.