ट्रॅक डेला जाताय? पॅडआधी ब्रेक ऑइल बघा

बोरीवलीतली रोजची गाडी हौसेने कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायची ठरली, की आपण आधी महागडे पॅड शोधतो. खरं तर आधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईत ओलाव्याला तोटा नाही! नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 155 वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे दबतात, पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. म्हणून जाण्याआधी ताजं डॉट 4 किंवा 5.1 भरा. सिलिकॉनचं डॉट 5 वेगळं, ते यात मिसळू नका.

पॅड? निव्वळ रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. सोमवारी त्याच गाडीने एस. व्ही. रोडच्या सिग्नलला थांबायचं असेल, तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड घ्या.