कॅरोलिन इंगल्स : मुक्कामामागून मुक्काम

अमेरिकेच्या होमस्टेड कायद्यावर अब्राहम लिंकनने २० मे १८६२ रोजी सही केली. किरकोळ फी भरायची, १६० एकर सरकारी जमीन घ्यायची, पाच वर्षं तिथे राहून ती कसून दाखवायची, की जमीन आपली. अविवाहित बाईला किंवा विधवेलाही या कायद्याने स्वतःच्या नावावर अर्ज करता येत होता. नवरा असलेल्या बाईला मात्र नाही, कारण कुटुंबप्रमुख तो. त्यामुळे डाकोटातल्या डी स्मेट गावाजवळच्या इंगल्स कुटुंबाच्या जमिनीला नाव लागलं ते चार्ल्स इंगल्सचं. त्याची बायको कॅरोलिन सातबाऱ्यावर कुठेच नाही.

जगाला ती माहीत झाली तिच्या मुलीमुळे. दुसरी मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिने वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १९३२ साली, ‘लिटल हाऊस’ मालिकेतलं पहिलं पुस्तक छापलं आणि कॅरोलिन लाखो मुलांची ‘मा’ झाली. त्या पुस्तकांत बाप फिडल वाजवतो, गोष्टी सांगतो, मावळतीकडे डोळे लावून बसतो. आई शांत, टापटिपीची, जराशी कडक. वाचक बापाच्या प्रेमात पडतात आणि आईला गृहीत धरतात. लॉराचंही थोडंफार तसंच होतं, असं मला वाटतं. पण पुस्तकांच्या शेजारी कुटुंबाचे बाकीचे तपशील मांडले, की चित्र बरंच बदलतं.

कॅरोलिनचा जन्म १२ डिसेंबर १८३९ चा, विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डचा. ती सहा वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, १८४५ साली, मिशिगन सरोवरात वादळाने जहाज बुडालं आणि त्यात वडील गेले. आई शार्लटच्या पदरात पोरवडा. पुढची काही वर्षं कशीबशी निघाली, घरात खायची भ्रांत होती. मग आईने फ्रेडरिक होलब्रुकशी दुसरं लग्न केलं. सावत्र बाप भला निघाला. कॅरोलिनने पुढे आपल्या एकुलत्या एक मुलाला त्याचंच नाव लावलं. सोळाव्या वर्षी ती शाळेत शिकवू लागली होती आणि १ फेब्रुवारी १८६० रोजी तिचं चार्ल्सशी लग्न झालं. आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात, तसलाच तो मामला होता: तिच्या माहेरच्या, क्वायनर घरातल्या तीन भावंडांची लग्नं इंगल्स घरातल्या तिघांशी झाली. माणसं कमी, अंतरं मोठी. शेजारच्या शेतापलीकडे स्थळ शोधायला जाणार कोण?

पेपिनजवळच्या जंगलातलं लाकडी घर हा तिचा पहिला स्थिर संसार. थोरली मेरी १८६५ ची, लॉरा १८६७ ची. या घरातलं लोणी लॉराला साठ वर्षांनीही आठवत होतं. हिवाळ्यात गाईच्या दुधाला पिवळेपणा राहत नाही, लोणी पांढरंफटक निघतं. कॅरोलिनला ते खपत नसे. चार्ल्सने एका पत्र्याच्या भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून किसणी करून दिली होती. तिच्यावर ती गाजर किसायची, कीस दुधात घालून गरम करायची, फडक्याच्या पिशवीतून पिळायची आणि ते पिवळं दूध सायीत ओतून मग घुसळायला बसायची. लोणी धुऊन झालं की लाकडी साच्यात दाबायचं. साच्याच्या तळाशी स्ट्रॉबेरी आणि पानं कोरलेली असत. एवढा खटाटोप जंगलात कुणाला दाखवण्यासाठी नव्हता. उरलेला गाजराचा कीस पोरींना खायला मिळे, हा त्यांचा फायदा.

मग चार्ल्सला जंगल दाट वाटू लागलं. १८६९ च्या सुमारास ती दोन लहान मुलींना घेऊन छताच्या घोडागाडीतून कॅन्ससमध्ये पोहोचली. जिथे त्यांनी घर बांधलं ती जमीन ओसेज लोकांची होती. सरकारने ती अजून वसाहतीला खुली केलेली नव्हती. साध्या शब्दांत सांगायचं तर इंगल्स कुटुंबाने तिथे अतिक्रमण केलं होतं. पुस्तकातली मा ओसेजांना घाबरते आणि त्यांच्याबद्दल उघड तिटकाऱ्याने बोलते. मुलीने ते झाकलं नाही, पण त्याचा जाबही विचारला नाही. त्या प्रदेशात माणसंच नव्हती, अशा अर्थाचं एक वाक्य पहिल्या पुस्तकांपैकी एकात होतं. वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत ते बदललं गेलं. २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्कारातून लॉराचं नाव काढलं, त्यामागे हाच इतिहास होता. ते मला योग्यच वाटतं. कॅरोलिनच्या सोसण्याने ओसेजांचं सोसणं पुसलं जात नाही.

कॅन्ससमध्ये सगळं घर हिवतापाने आडवं झालं, तेव्हा त्यांना उठवलं जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय डॉक्टरने. ऑगस्ट १८७० मध्ये तिसरी मुलगी कॅरी तिथेच जन्मली. वर्षभरात मुक्काम हलला, परत विस्कॉन्सिन.

१८७४ मध्ये मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह. ओढ्याच्या दरडीत कोरलेलं घर, वर गवत उगवलेलं. गव्हाच्या भरवशावर पक्कं घर उभं राहिलं आणि टोळधाड आली. १८७३ ते १८७७ अशी ओळीने पाच वर्षं मिनेसोटाची पिकं टोळांनी फस्त केली. चार्ल्स मजुरीसाठी पूर्वेकडे पायी निघून गेला. कापणी तिकडे होती, पैसा तिकडे होता. माळावर मुली, जनावरं आणि कॅरोलिन. टोळांची हीच ती जात, जी पुढे कुणाला न कळता नामशेष झाली. रॉकी माउंटन टोळाचे शेवटचे जिवंत नमुने १९०२ सालचे आहेत.

नोव्हेंबर १८७५ मध्ये मुलगा झाला, चार्ल्स फ्रेडरिक, घरातला फ्रेडी. पुढच्या ऑगस्टमध्ये, नऊ महिन्यांचा असताना, तो वाटेतच गेला. कुटुंब तेव्हा आयोवातल्या बर ओककडे निघालं होतं, नातलगांच्या शेतावर थांबलेलं. बर ओकमध्ये ते एका हॉटेलात राबले. तिथे १८७७ मध्ये ग्रेस जन्मली आणि तिथून घेणेकऱ्यांना चुकवून रात्री निघावं लागलं. ‘लिटल हाऊस’ मालिकेत यातलं काहीच नाही. ना फ्रेडी, ना हॉटेल, ना रात्रीचं पळणं. दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत ही वर्षं गडप झाली आहेत. मुलांच्या पुस्तकात मेलेलं बाळ आणि बुडवलेलं भाडं कसं घालणार, हे मान्य. तरीही आईच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड पर्व वगळून आईचं चित्र काढलं गेलं, हेही खरंच.

१८७९ मध्ये मेरी आजारी पडली आणि आंधळी झाली. पुस्तकात कारण लालज्वराचं दिलं आहे. २०१३ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या लेखात डॉक्टरांनी मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराचा अंदाज मांडला. मेरी आंधळी झाली त्याच वर्षी, १८७९ मध्ये, चार्ल्सला डाकोटात रेल्वेच्या कामावर नोकरी मिळाली. कॅरोलिन आली, पण कुटुंबाच्या आठवणीप्रमाणे एका अटीवर: यापुढे हलायचं नाही, मुलींना शाळा मिळाली पाहिजे. चार्ल्सची नजर नंतरही पश्चिमेकडे वळत राहिली. गाडी मात्र पुढे गेली नाही. या कहाणीत जो थांबला तो चार्ल्स, आणि जिने थांबवलं ती कॅरोलिन. लॉराने ते नोंदवलं आहे, फक्त फिडलच्या आवाजात ते पटकन ऐकू येत नाही.

१८८०-८१ चा हिवाळा. ऑक्टोबरातच पहिलं हिमवादळ आलं, पुढे रेल्वे बंद पडली ती मे महिन्यापर्यंत. कोळसा संपला, तेव्हा गवताचे पीळ घालून जाळले. पीठ संपलं, तेव्हा गहू कॉफी दळायच्या चक्कीत घालून दिवसभर पाळीपाळीने फिरवला. रॉकेल संपलं, तेव्हा कॅरोलिनने कापडाच्या चौकोनी चिंधीत एक बटण ठेवलं, दोऱ्याने आवळलं, वरच्या कापडाला पीळ देऊन वात केली आणि बशीत गाडीच्या आसाचं वंगण घेऊन त्यात ती उभी केली. ज्योत लहान, पण ताटं दिसतील एवढी. पुस्तकात त्या घरात सहाच माणसं आहेत. प्रत्यक्षात एक तरुण जोडपंही तो अख्खा हिवाळा त्यांच्याकडे राहिलं होतं आणि त्यांचं बाळही त्याच घरात जन्मलं. लॉराला ते जोडपं आळशी वाटे, म्हणून तिने त्यांना कहाणीतून काढून टाकलं. चक्कीतल्या त्या मूठमूठ पिठाच्या भाकरीचे वाटे मात्र कॅरोलिनला त्यांच्यासाठीही करावे लागले असणार.

मेरी १८८१ मध्ये आयोवातल्या व्हिंटनच्या अंधांच्या महाविद्यालयात गेली. लॉराला शिक्षिका म्हणून मिळणाऱ्या पगारातले पैसेही तिच्याच शिक्षणाला लागले. १८८७ मध्ये नवराबायको शेत सोडून गावात राहायला आले. चार्ल्स १९०२ मध्ये गेला. त्यानंतर बावीस वर्षं कॅरोलिन आणि मेरी त्या घरात राहिल्या. मेरी घोड्यांच्या अंगावर टाकायच्या माश्यांच्या जाळ्या विणून विकायची. २० एप्रिल १९२४ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कॅरोलिन गेली.

वडिलांच्या शेवटच्या दिवसांत लॉरा मिसुरीहून डी स्मेटला धावून गेली होती. आईच्या वेळी गेली नाही. वर्षभराने, १९२५ मध्ये, तिने आईची थोरली बहीण मार्था हिला पत्र लिहिलं: तुम्हा बहिणींच्या लहानपणीचं सांग, काय शिजवायचात, काय खेळायचात. मावशीने लांबलचक उत्तरं पाठवली. १९३० मध्ये लॉराने ‘पायोनियर गर्ल’ हे आत्मकथन लिहिलं. त्यात फ्रेडी आहे, बर ओकही आहे. प्रकाशक मिळाला नाही. ते छापून आलं २०१४ मध्ये.

ते छापून येण्याच्या कितीतरी आधी कॅरोलिनची आणखी एक आठवण बाजारात आली होती, नातीची. लॉराची मुलगी रोझ वाइल्डर लेन हिने आईच्या हस्तलिखितातला ऐवज उचलून ‘लेट द हरिकेन रोअर’ ही कादंबरी लिहिली, १९३३ मध्ये. नायक-नायिकेची नावं चक्क चार्ल्स आणि कॅरोलिन. लॉरा चिडली, आणि चिडण्यासारखंच होतं. पण त्या कादंबरीत टोळधाडीनंतर नवरा कामाला पूर्वेकडे जातो आणि कॅरोलिन तान्ह्या बाळासह दरडीतल्या घरात एकटी हिवाळा काढते. घटना बनवलेली आहे. तरी वॉलनट ग्रोव्हच्या त्या उन्हाळ्यांची कॅरोलिन मला मुलीच्या सहा-सात पुस्तकांपेक्षा नातीच्या या कादंबरीत जास्त सापडते: फिडल नाही, गोष्टी सांगणारं कुणी नाही, आणि सकाळी उठून काय शिजवायचं हे तिचं तिलाच ठरवायचं आहे.