तुपाचं मोहन

गोरस पाक मोडताना आवाज जवळजवळ होतच नाही. चकली कडकन मोडते, शेव कुरकुरते, पण वर्ध्याचं हे तुपाचं बिस्किट दातांखाली नुसतं ‘खुस’ करतं आणि पुढच्या क्षणी तिथे काही उरत नाही. जिभेवर राहतो तो गाईच्या तुपाचा आणि भाजल्या गव्हाचा वास. ज्या गव्हाची पोळी गार झाली की ओढून तोडावी लागते, त्याच गव्हाचं हे असं विरघळणारं काही कसं होतं? वर्ध्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण डबा उघडेपर्यंतच धीर धरवत नाही. मला तो पडला आणि मग सुटेना.

उत्तर आमच्या मोठ्या आईच्या परातीत होतं. दिवाळीच्या आधी ती परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने फेटायला बसायची. मी विचारायचे, झालं का? ती म्हणायची, “कुठं वं! पांढरं होईस्तोवर फेटायचं.” मग पीठ, मग गोळे, मग ताटं डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीकडे. घरात ओव्हन कोणाकडे होता तेव्हा?

आधी चिवटपणाचं बघू. कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, मग तो गोळा पाण्याच्या पातेल्यात बुडवून हळूहळू चोळा. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते बदला, पुन्हा चोळा. पिठातला स्टार्च वाहून जातो आणि हातात राहतो एक भुरकट, रबरासारखा लगदा. मैदा घेतलात तर तो आणखी स्वच्छ दिसतो. इटलीत बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये नेमकं हेच करून दाखवलं. हा लगदा म्हणजे ग्लुटेन. कोरड्या पिठात तो नसतो. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पिठात सुटी पडलेली असतात. पाणी मिळालं आणि हात फिरला की ती एकमेकांना धरतात आणि जाळं विणतात. पोळी फुगते ती या जाळ्यामुळे, पाव उंच होतो तोही याच जाळ्यामुळे.

आणि खुसखुशीत होतं ते जे काही, ते हे जाळं होऊ न दिल्यामुळे.

मोठी आई त्याला ‘मोहन’ म्हणायची. पिठाला तूप चोळायचं, इतकं की मुठीत दाबलं तर मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचलं तर ती फुटली पाहिजे. शंकरपाळ्यांचं पीठ, करंजीची पारी; अनारसे सोडले तर अर्धी दिवाळी या एका परीक्षेवर उभी असते. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसतं. नंतर पाणी किंवा दूध घातलं तरी ते प्रथिनांपर्यंत धड पोचत नाही. धागे विणले जातात, पण आखूड, तुटक. इंग्रजीत अशा स्निग्ध पदार्थाला शॉर्टनिंग म्हणतात, आणि त्यातल्या ‘शॉर्ट’चा एक जुना अर्थ ठिसूळ असाच आहे. मला मात्र आपला शब्द जास्त आवडतो. पिठाला मोहात पाडून पाण्याकडे जाऊ न देणं! व्युत्पत्ती अशीच असेल असा दावा नाही, पण काम नेमकं हेच होतं.

मागे भाची अमेरिकेहून आली होती. तिने आमच्या स्वयंपाकघरात पीच कॉब्लर केलं, पीच अर्थातच डब्यातले. तळाला साखरेत घोळलेली फळं, वर पिठाचे ओबडधोबड गोळे, आणि सगळं ओव्हनमध्ये. ती फ्रिजमधलं कडक लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरत होती. मोठी आई खुर्चीतून बघत होती. म्हणाली, “हे तर मोहनच घालून राहिली पोरगी.” अगदी बरोबर. फरक एवढाच की बाजारच्या लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. ते गार, कडक लोणी पिठात तुकड्या-तुकड्यांनी राहतं, आचेत वितळतं, आणि त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पिठाला वर उचलते. म्हणून कॉब्लरचा वरचा थर फुगीर आणि भुसभुशीत. तुपात पाणी जवळजवळ नाहीच, ते आपण कढवून आधीच उडवलेलं असतं. म्हणून तुपाचं बिस्किट फारसं फुगत नाही, ते विरतं. एकाच सायीतून निघालेल्या दोन पदार्थांची ही दोन वेगळी बांधकामं पाहून मी त्या दिवशी खरोखर थक्क झाले.

भाची गेल्यावर मी स्वतः गोरस पाक करायला घेतला. दोनशे ग्रॅम कणीक, शंभर ग्रॅम तूप, शंभर ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा सोडा, गरजेपुरतं दूध. महिना मे. वर्ध्याचा मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढे गेलेला पारा आणि बरणीत पाण्यासारखं झालेलं तूप. ओव्हन उघडला तेव्हा बारा बिस्किटांचं मिळून एकच पातळ ताट झालं होतं.

तूप सुमारे ३० ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. थंडीत ते घट्ट आणि रवाळ असतं, कारण त्यातल्या स्निग्धांचे बारीक स्फटिक जमलेले असतात. हे स्फटिक गोळ्याला आकार देतात आणि भट्टीतही काही क्षण तग धरतात. तेवढ्या वेळात कडेचं पीठ आणि साखर सावरून घेतात. मेच्या तुपात स्फटिक नव्हतेच, मग गोळा कशाच्या आधारावर उभा राहणार? पुढच्या खेपेला तूप फ्रिजमध्ये जमवलं, मग फेटलं, आणि तयार गोळे पुन्हा अर्धा तास गार केले. बिस्किटं बारा झाली.

आणि ३५ अंश ही संख्या पुन्हा वाचा. माणसाच्या तोंडाचं तापमान ३७च्या आसपास. म्हणजे थंडीत घट्ट बसलेलं तूप वितळायला जेवढी ऊब लागते, तेवढीच जिभेजवळ असते. ‘तोंडात विरघळलं’ ही आपली तारीफ अक्षरशः खरी आहे. बाहेर तूप घट्ट, म्हणून बिस्किट उभं. आत गेलं की तूप सुटतं, धरून ठेवायला जाळं नाही, आणि सगळा डोलारा खाली येतो.

फेटण्याचं कोडं तर याहून सुंदर. साखरेचे कण तुपात फिरताना सोबत हवा ओढून नेतात, आणि हजारो सूक्ष्म बुडबुडे अडकले की तूप पांढरं दिसू लागतं. भट्टीत सोड्याचा वायू सुटतो, दुधाची वाफ होते, पण त्यातून नवे बुडबुडे जवळपास जन्मत नाहीत. जे परातीत कोंडले तेच फुगतात. बिस्किटाच्या आतली प्रत्येक पोकळी आधी कोणाच्या तरी तळहाताखाली तयार झालेली असते. मोठ्या आईचं ‘पांढरं होईस्तोवर’ म्हणजे या बुडबुड्यांची मोजणीच होती.

आता तुपाच्या मालकिणीकडे. आर्वी, आष्टी, कारंजा या वर्धा जिल्ह्याच्या वरच्या तालुक्यांची गाय म्हणजे गवळाऊ. पांढरी ते राखाडी, सडपातळ, चालीला चपळ. बैल टांग्याला आणि शेताला नावाजलेले, दूध मात्र बेताचं. नंद गवळी समाजाने ही जात पिढ्यान् पिढ्या सांभाळली. गाईच्या तुपाचा पिवळा रंग चाऱ्यातल्या बीटा कॅरोटीनचा. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. बाजाराचा ओढा मात्र दाट दुधाकडे, म्हशीकडे. याच वर्ध्यात १९४१ मध्ये गांधीजींचे अनुयायी जमनालाल बजाज यांनी गोसेवेचं काम अंगावर घेतलं, गोपुरीत झोपडी करून राहिले आणि ११ फेब्रुवारी १९४२ला गेले. गाईचं दूध-तूप लोकांनी आवर्जून वापरावं हा त्या कामाचा गाभा होता. गाईच्या दूध-तुपाचं वर्ध्यातलं दुकान, गोरस भांडार, आणि त्याचा पाक त्याच विचाराच्या वळणावर उभे आहेत. दूध काही तासांत नासतं, लोणी काही दिवसांत, तूप महिनोन् महिने टिकतं, आणि तुपाचं बिस्किट तर डब्यात बसून रेल्वेने देशभर फिरतं. मला यात फार मोठी शहाणीव दिसते.

आणि ‘गोरस पाक’मधला ‘पाक’? साखरेचा पाक इथे कुठेच नाही. हा पाक ‘पच्’ धातूतला, म्हणजे शिजवणं, भाजणं.

भाजणं आपल्याकडे काही भट्टीबरोबर आलेलं नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरलेला रोडगा आठवा: कणकेच्या गोळ्यात गोळा, मध्ये तेलातुपाचा हात, वरून राखेची ऊब. तिथेही भाजण्याचा नियम भट्टीतलाच. पिठात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या पुढे फारसं सरकत नाही. वरचं पाणी उडून गेलं की पृष्ठभाग १४० अंशांकडे चढतो आणि साखर व प्रथिनं एकमेकांशी नवे संयोग करू लागतात. लुई कामीय माय्यार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये हे वर्णन केलं. तपकिरी रंग तिथला आणि तो वासही तिथलाच. बेकरीतला भट्टीवाला घड्याळ बघत नसे. वास बदलला की तो लांब फळी आत सारायचा.

या डिसेंबरात मी बिस्किटं पुन्हा केली. ओव्हन १६० अंशांवर, अठरा मिनिटं. वास आला, ताट बाहेर काढलं, आणि न राहवून एक उचललं. मऊ होतं, बोटात दबलं, तुपकट लागलं, खुस वगैरे काही नाही. घाबरायचं कारण नव्हतं. आतलं तूप अजून पातळ होतं, साखर अजून सैल. ते दोघं गार होताना जागच्या जागी बसतात, तेव्हा बिस्किट बिस्किट होतं. शेवटचं काम भट्टीचं नाहीच, थंडीचं आहे. मोठी आई ताटावर फडकं टाकून म्हणायची, “हात नको लावू, बसू दे त्याले.” मीही फडकं टाकलं आणि बसले.