चेन्नईचे तीन संघ आणि हॉकीची लीग

चेन्नईच्या एग्मोर भागातील मेयर राधाकृष्णन स्टेडियम हॉकीच्या जगाला चांगले परिचित आहे. १९९६ आणि २००५ मधील चॅम्पियन्स ट्रॉफी, २००७ मधील आशिया चषक, २०२३ मधील आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी या स्पर्धा याच मैदानावर झाल्या. शहरातील मुरुगप्पा सुवर्णचषक स्पर्धेची परंपरा तर १९०१ पर्यंत मागे जाते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार वासुदेवन भास्करन हे तमिळनाडूचेच. एवढे असूनही, या शहराच्या नावाने खेळणारा व्यावसायिक हॉकी संघ मात्र फार काळ टिकला नाही. २००५ पासूनच्या वीस वर्षांत चेन्नईने असे तीन संघ पाहिले. त्यांपैकी दोन विसर्जित झाले. तिसरा अजून पाय रोवू पाहत आहे.

लीग म्हणजे साखळी स्पर्धा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सामना हरला की संघ घरी जातो. लीगमध्ये प्रत्येक संघ इतर संघांशी आळीपाळीने खेळतो आणि गुणांवरून क्रम ठरतो. त्यामुळे सामने अनेक आठवडे चालतात, प्रेक्षकांची संघाशी ओळख होते आणि खेळाडूंना ठरावीक मोबदला देता येतो. भारतात हॉकीपटूंचा चरितार्थ बहुतांशी नोकरीवर चालत आला आहे. रेल्वे, सैन्यदले, तेल कंपन्या, बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. चेन्नईतही इंडियन बँक आणि इंटिग्रल कोच फॅक्टरी यांचे संघ नावाजलेले आहेत. परंतु नोकरी थोड्यांनाच मिळते. ज्याला ती मिळत नाही, त्या होतकरू खेळाडूसाठी लीग हाच दुसरा आधार होऊ शकतो.

पहिला प्रयत्न २००५ साली झाला. प्रीमियर हॉकी लीगमध्ये ‘चेन्नई वीरन्स’ हा संघ उतरला. महाराष्ट्राच्या बाजूने ‘मराठा वॉरिअर्स’ होता आणि धनराज पिल्ले त्याच्याकडून खेळले. तमिळ कुटुंबात पण पुण्याजवळच्या खडकीत जन्मलेला हा खेळाडू दोन्ही प्रांतांना आपलाच वाटला, यात नवल नाही. या लीगने सत्तर मिनिटांचा सामना चार भागांत विभागला. पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानेही पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग स्वीकारले. कल्पना चांगली होती. परंतु तिला आधार देणारी संघटनाच डळमळली. मार्च २००८ मध्ये भारतीय पुरुष संघ बीजिंग ऑलिंपिकसाठी पात्र ठरला नाही आणि त्यानंतर लवकरच भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला. त्याच वर्षानंतर लीगही थांबली.

२०१२ मध्ये ‘वर्ल्ड सीरिज हॉकी’ आली. तिच्यात ‘चेन्नई चीताज’ होता, तसेच ‘मुंबई मरीन्स’ आणि ‘पुणे स्ट्रायकर्स’ हेही संघ होते. पुण्याच्या संघाने अंतिम फेरी गाठली, परंतु ‘शेर-ए-पंजाब’ विजयी ठरला. त्या काळी देशातील हॉकीवर दोन संघटना हक्क सांगत होत्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघाची या लीगला मान्यता नव्हती. तिचा दुसरा हंगाम झालाच नाही. दोन कर्त्यांच्या भांडणात घर मोडावे, तसे हे झाले.

२०१३ मध्ये हॉकी इंडियाने मान्यताप्राप्त लीग सुरू केली, तेव्हा पाच संघांत मुंबईचा संघ होता, चेन्नईचा नव्हता. २०१७ नंतर ही लीगही बंद पडली. ती पुन्हा उभी राहिली २०२४ च्या डिसेंबरात. या वेळी पुरुषांचे आठ आणि प्रथमच स्त्रियांचे चार संघ होते. चेन्नईच्या वाट्याला ‘तमिळनाडू ड्रॅगन्स’ आला. गंमत अशी, की महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ यात नव्हता.

या लीगचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. पुरुषांच्या प्रत्येक संघाला २४ खेळाडू घेण्यासाठी ४ कोटी रुपयांची मर्यादा होती. सरासरी काढली तर एका खेळाडूमागे सुमारे साडेसोळा लाख येतात. प्रत्यक्षात वाटणी समान नसते. लिलावात हरमनप्रीत सिंग याला ७८ लाख रुपये मिळाले, तर नवख्यांना त्या मानाने फारच थोडे. चोवीस जणांत आठ परदेशी असत आणि भारतीयांत किमान चार कनिष्ठ गटातील असणे बंधनकारक होते. हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला जगातील उत्तम खेळाडूंसोबत सराव करण्याची संधी मिळते.

खर्च असा निश्चित असतो, उत्पन्न मात्र अनिश्चित. पहिल्या हंगामात पुरुषांचे सामने रूरकेला आणि रांची येथेच झाले. चेन्नईपासून रूरकेला हजार किलोमीटरहून दूर. ड्रॅगन्स संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला, पण त्याच्या शहरातील लोकांना तो दूरचित्रवाणीवरच पाहावा लागला. घरचे मैदान नसेल तर स्थानिक जाहिरातदार, शाळकरी प्रेक्षक, तिकीटविक्री यांतले काहीच उभे राहत नाही. उत्तर प्रदेशचा संघ तर एका हंगामानंतरच बाहेर पडला आणि त्याची जागा भरण्यासाठी लीगच्या नियामक मंडळाला स्वतःचा संघ उतरवावा लागला. जानेवारी २०२६ च्या हंगामात मात्र रांची आणि भुवनेश्वर यांच्याबरोबर चेन्नईलाही सामने मिळाले.

युरोपात याच्या उलट घडले. नेदरलँड्स आणि जर्मनीत क्लब आधी आले, लीग नंतर. क्लबाचे सभासद वर्गणी देतात, त्यांची मुले तेथेच खेळतात आणि वरिष्ठ संघ त्याच मैदानावर उतरतो. मालक बदलला म्हणून तेथे संघ नाहीसा होत नाही. २००७ मध्ये सुरू झालेली युरो हॉकी लीग अशाच राष्ट्रीय विजेत्या क्लबांची स्पर्धा आहे. तिचा विस्तार करायचा, तर नवा संघ विकत घ्यावा लागत नाही. त्या देशात चांगला क्लब तयार व्हावा लागतो. हे काम संथ असले तरी टिकाऊ ठरते. नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नई आणि मदुराई येथे झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात संघांची संख्या १६ वरून २४ झाली, तेव्हा ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांचेही संघ दिसले. जेतेपद जर्मनीने मिळवले, तर भारताने कांस्यपदक.

युरोप आणि भारत यांचा मेळ घालणारी एक सोय निसर्गानेच करून दिली आहे. हिवाळ्यात थंडीमुळे युरोपातील उघड्या मैदानांवरील लीग थांबतात आणि खेळाडू मोकळे होतात. नेमक्या त्याच महिन्यांत चेन्नईची हवा खेळण्याजोगी असते. म्हणूनच भारतीय लीग डिसेंबर-जानेवारीत भरते आणि बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी येथील नामवंत खेळाडू तिच्यात येऊ शकतात. वेळापत्रकाची ही खिडकी अवघ्या काही आठवड्यांची असते. संघ वाढले तर सामने वाढतात, सामने वाढले तर दिवस वाढतात, आणि तेवढे दिवस युरोपातील क्लब आपले खेळाडू सोडत नाहीत. पुणे, मुंबई किंवा मदुराई यांच्यासाठी नवा संघ काढताना मालकाच्या पैशाइतकाच हा हिशेबही मांडावा लागतो.