नाशिकचें पांढरें द्राक्षमद्य आणि वसईचें ताट

गेल्या हंगामांत आमच्या कांहीं सभासदांनीं दोन प्रश्न विचारले. नाशिककडील वाइनचा एवढा बोलबाला आहे, तर वसईच्या वाडींत द्राक्षवेल लावावी काय? आणि ही वाइन खातात तरी कशाबरोबर? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आधीं देतों. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या मालाची किंमत जेवणाच्या ताटावर ठरते, तो माल शेतकऱ्यानें ताटापासून समजून घ्यावा हें बरें.

नाशिकच्या पांढऱ्या वाइनमध्यें शेनिन ब्लांक या जातीचें नांव मोठें आहे. हें द्राक्ष मूळचें फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यांतलें. 1999 सालीं स्थापन झालेल्या सुला कंपनीची पहिली वाइन 2000 सालीं बाजारांत आली, तींत ही जात होती. एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळा सरतां फळछाटणी व जानेवारी ते मार्च तोडणी, असा तिचा क्रम असतो. घड दाबून रस सालीपासून लागलीच वेगळा करितात व तो थंड ठेवून आंबवितात. आंबटपणा हाच या वाइनचा प्राण होय. ती आठ ते दहा अंश सेल्सियस इतकी थंड वाढितात.

आतां आमचें ताट पाहूं. मीठ-हळद लावून तळलेला पापलेट किंवा कुरकुरीत बोंबील यांवर आपण लिंबू पिळतों. तेंच काम ही वाइन करिते. कोकम वा चिंच सढळ हातानें घातलेल्या कालवणापुढें मात्र ती फिकी पडते, कारण ताटांतला आंबटपणा पेल्यांतल्यास मारितो. ख्रिस्ती बांधवांच्या बाटली मसाल्याचें कालवण असेल, तर किंचित् गोडसर शेनिन घ्यावी. मद्यार्कानें मिरचीची आग वाढते, गोडीनें ती निवते. राजेळी केळ्याची सुकेळी समोर आली कीं कोरडी वाइन अगदीं आंबटढाण लागते. तिच्याबरोबर उशिरां तोडलेल्या, साखर चढलेल्या द्राक्षांची गोड वाइनच हवी.

पांढरें पेय आमच्या किनाऱ्यास नवें नाहीं. ताडी येथें केवळ प्यालीच जात नसे. तिनें पीठ आंबवून सान्नां आणि फुगे होत. कशाबरोबर काय खावें, हें तेव्हां कोणास शिकवावें लागलें नाहीं!

राहिला लागवडीचा प्रश्न. 2001 सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण आणिलें आणि नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्यानें वाढली. पुढें 2008-09 च्या सुमारास मागणी खालावली, माल कारखान्यांनीं उचलला नाहीं, आणि पुष्कळांनीं वेली उपटून टाकिल्या. त्यांचा दोष काय? वाइनचें द्राक्ष लहान, बियांचें व जाड सालीचें. तें फळबाजारांत खपत नाहीं, त्याचा बेदाणा होत नाहीं. एकच गिऱ्हाईक, आणि तेंच फिरलें!

शिवाय आमची खारी दमट हवा म्हणजे केवडा रोगास आमंत्रण. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं येथील पीकपाहणी पुष्कळ वर्षें लिहिली. केळी, पानवेल, फुलें लिहिलीं, द्राक्ष लिहिण्याची वेळ आली नाहीं.

याउलट आमच्याच जिल्ह्यांत बोर्डी येथें चिकूची वाइन निघाली आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथील बागाइतदाराचा चिकू कारखान्यानें नाकारला, तरी तो मुंबईच्या बाजारांत जाऊं शकतो. हा फरक सभासदांनीं नीट ध्यानांत घ्यावा. फळ देण्याचा करार करणें झाल्यास किलोचा दर, साखरेचें प्रमाण व पैसे मिळण्याची तारीख, तिन्ही लेखी घ्यावींत. तोंडी आश्वासनावर दस्त होत नाहीं. ज्या सभासदानें द्राक्षवेलीविषयीं विचारलें, त्यास आम्हीं तूर्त राजेळीचे मुनवेच लावण्यास सांगितलें आहे.