वर्षभरानंतरचा पाय

नडगीच्या हाडाची पुढची बाजू कातडीच्या लगेच खाली असते. मध्ये स्नायू नाही, चरबीही फारशी नाही. स्वतःच्या पायावरून बोट फिरवलं तर हाडाची धार हाताला लागते. म्हणून दुचाकीवरून पडलेल्या माणसाची नडगी मोडते तेव्हा पुष्कळदा हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि रस्त्यावरची माती, खडी, पँटचे धागे थेट जखमेत जातात. डॉक्टर याला ओपन फ्रॅक्चर म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अस्थिरोग ओपीडीत मी बसत होतो तो या पायांचं पुढे काय होतं हे पाहायला. ऑपरेशनच्या गोष्टी सगळे सांगतात. रॉड टाकून घरी गेलेल्या माणसाचं वर्षभराने काय झालं, हे सांगणारं मात्र फारसं कुणी भेटत नाही.

थिएटरमध्ये पहिलं काम धुण्याचं. मेलेलं मांस कापून काढायचं, माती काढायची आणि जखम सलाईनने भरपूर धुवायची. किती जोराची धार द्यायची? साबण वापरायचा की नुसतं सलाईन? यावर प्रत्येक सर्जनचं मत होतं, पुरावा कमी होता. जोराची धार मारणारी यंत्रं बाजारात होती आणि ती महाग होती. मग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मोहित भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्लो’ नावाची चाचणी घेतली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि भारतातल्या रुग्णालयांतले २,४४७ रुग्ण तिच्या निष्कर्षात धरले गेले. २०१५ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. साबणाने धुतलेल्यांपैकी १४.८ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा ऑपरेशन लागलं, नुसत्या सलाईनने धुतलेल्यांपैकी ११.६ टक्क्यांना. धार जोराची, मध्यम की अगदी हलकी, यात म्हणावा असा फरक निघाला नाही. स्टँडला टांगलेली सलाईनची पिशवी आणि तिची आपोआप पडणारी धार पुरते, हे कळलं. तालुक्याच्या रुग्णालयाला यापेक्षा उपयोगी बातमी कुठली असेल?

पण ‘वर्षभरात पुन्हा ऑपरेशन’ हा आकडा मिळायचा तर माणूस वर्षभर सापडला पाहिजे. इथल्या चाचण्यांसाठी त्या कामाला एक रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. ओपीडीच्या कोपऱ्यात तिचं टेबल, त्यावर जाड फायली आणि एक वेगळा मोबाइल. रुग्ण वॉर्डात असतानाच ती तीन नंबर लिहून घेते. एक त्याचा स्वतःचा, एक मेव्हण्याचा किंवा भावाचा, आणि एक गावातल्या अशा माणसाचा जो कधी नंबर बदलत नाही. ऊसतोड कामगार असेल तर मुकादमाचाही. हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्याला आलेला माणूस इथे पडतो, इथेच त्याच्या पायात रॉड जातो. तीन महिन्यांचा फोटो काढायची वेळ येते तेव्हा तो बीडला आपल्या घरी असतो. एसटीचं भाडं, बरोबर येणाऱ्याचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी, एवढं सगळं एका एक्स-रेसाठी.

एका दुपारी तिने लावलेला फोन मी ऐकला.

“मामा, सहा महिने झाले की. दाखवायला आला नाहीत?”

“ताई, पाय चालतोय. मग कशाला येऊ?”

“चालतोय, तेच मला लिहायचंय. तुम्ही आला नाहीत तर ते कागदावर कसं यायचं?”

या संवादात संशोधनाची मोठी अडचण आहे. जो बरा झाला तो येत नाही. ज्याच्या जखमेतून पू येतो तोही कधीकधी येत नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, हाडवैद्याकडे जातो, नाहीतर घरीच हळद लावून बसतो. ओपीडीत दिसतात ते मधले. त्यांच्यावरूनच निष्कर्ष काढला तर तो किती खरा? म्हणून तिच्या फायलीत न उचललेल्या फोनचीही तारीख-वार नोंद असते. हे काम कुठल्याही शोधनिबंधात दोन ओळींत संपतं. मला ते सगळ्या निबंधाचा पाया वाटतं.

जे येतात त्यांचा आधी एक्स-रे. समोरून एक, बाजूने एक. लांब हाड आतून बांबूसारखं पोकळ असल्याने प्रत्येक फोटोत त्याच्या दोन भिंती दिसतात, दोन फोटोंत मिळून चार. प्रत्येक भिंतीला गुण द्यायचे. नवं हाड अजिबात धरलेलं नसेल तर एक. धरलंय पण मोडल्याची रेघ अजून दिसते, तर दोन. धरलंय आणि रेघही गेली, तर तीन. सगळ्यात कमी चार, सगळ्यात जास्त बारा. ‘रस्ट’ नावाची ही मोजणी आहे. सोपी वाटते, पण दोन निवासी डॉक्टर एकाच फोटोपुढे उभे राहून एकाच भिंतीबद्दल वाद घालताना मी पाहिले. एकाला रेघ दिसत होती, दुसऱ्याला नाही. मोठ्या चाचण्यांत म्हणूनच वेगळी समिती असते. रुग्णाला कोणता उपचार मिळाला हे तिच्या सर्जनना सांगत नाहीत. त्यांनी फक्त फोटो आणि कागद पाहून ठरवायचं.

बारापैकी अकरा गुण मिळालेला एक शेतकरी माझ्या शेजारीच बाकावर बसला होता. हाड जुळलं, डॉक्टर खूश. तो म्हणाला, “रस्त्यानं चालतोय चांगला. पण वाफ्यात उतरलो की पाय थरथरतो. आणि खाली बसाय येत नाही.” खाली बसता येत नाही म्हणजे भांगलण नाही, दारं मोडणं नाही, पंगतीला बसणं नाही, घरच्या संडासाला जाणंही अवघड. एक्स-रेत यातलं काही नव्हतं.

अशा अभ्यासांत वापरल्या जाणाऱ्या ‘एसएफ-१२’ या अमेरिकी प्रश्नावलीत मध्यम कष्टाच्या कामाची उदाहरणं दिलेली आहेत: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर चालवणं, बोलिंग, गोल्फ. आमच्या बाकावरच्या माणसाच्या दिवसात यातलं टेबलसुद्धा नाही. त्याला विचारायला हवं ते वैरणीचा भारा, मांडी घालणं आणि उकिडवं बसणं. ही जाण असलेली एक पद्धत मला फार आवडते. लुईस झर्कल या अमेरिकी सर्जननी १९९९ साली रिचलंड गावात ‘साइन’ ही संस्था काढली. एक्स-रे मशीन थिएटरमध्ये नसलं तरी बसवता येईल असा रॉड ती गरीब देशांतल्या रुग्णालयांना देते. सर्जननी त्या बदल्यात प्रत्येक रुग्णाची नोंद पाठवायची, आणि त्या नोंदीत एक फोटो असतो: उकिडवं बसलेला, हसणारा रुग्ण. गुडघा, घोटा, ताकद, दुखणं आणि चेहरा, सगळं एका फोटोत कळतं. खर्च शून्य.

पाय वाचवायचा की कापायचा, हा याच कामातला सगळ्यात अवघड प्रश्न. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली त्यासाठी गुणपद्धत प्रसिद्ध केली. कातडी, हाड, स्नायू-मज्जातंतू यांचं नुकसान वेगवेगळं मोजायचं. वय, मधुमेह, उशिरा पोहोचणं यांचे गुण निराळे. चौदापर्यंत पाय वाचवायचा, सतरापासून पुढे कापण्याचा विचार, मधल्यांबाबत अनुभवी डोळ्यांनी ठरवायचं. आपल्या रस्त्यांवरच्या जखमांतून निघालेली ही पद्धत आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

पण वाचलेल्या पायाचं पुढे काय? अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा केंद्रांत ५६९ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. ‘लीप’ हा तो अभ्यास, २००२ सालचा. पाय कापलेले आणि पाय वाचवलेले, दोन्ही गटांचं दैनंदिन जगणं जवळजवळ सारखंच बाधित होतं. कामावर परतले कापलेल्यांपैकी ५३ टक्के, वाचवलेल्यांपैकी ४९.४ टक्के. कोणाचे हाल जास्त झाले? कमी शिकलेल्यांचे, गरिबांचे, ज्यांना आधाराला माणसं नव्हती त्यांचे, सिगारेट ओढणाऱ्यांचे, आपण बरे होऊ असा भरवसा नसलेल्यांचे.

ही यादी वाचल्यावर कोपऱ्यातल्या त्या टेबलाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. फोनवर ती एक्स-रेबद्दल विचारते, मग कामावर गेलात का, घरी कोण आहे, तंबाखू सुटली का. तिच्या रुग्णांना येण्या-जाण्याचं भाडं मिळतं, कारण चाचणीच्या खर्चात ते धरलेलं असतं. त्याच वॉर्डात, तसाच पाय मोडून, पण चाचणीबाहेर असलेल्या माणसाला ना भाडं मिळतं ना फोन जातो. त्याच्यावर लाखभराचं ऑपरेशन करणारी व्यवस्था एसटीच्या तिकिटाला अडते. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये रॉड, भूल आणि खाट यांच्याबरोबर वर्षभराच्या चार फेऱ्यांचं भाडं आणि फोन करणाऱ्या माणसाचा पगार लिहिला गेला पाहिजे. सुरुवात एका जिल्ह्यापासून करता येईल.