गव्याच्या आत माणूस

गगनबावड्यात गव्याचं कुणाला अप्रूप नाही. उसात शिरला की रात्री डबे वाजवून हाकलायचा, एवढीच ओळख. तोच गवा २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचा शुभंकर झाला, 'मोगा' या नावाने. गोव्याचा तो राज्यप्राणी. पुढे आमच्याकडच्या एका शाळेनेही क्रीडादिनाला गवा आणायचं ठरवलं.

कोल्हापुरात पोशाख भाड्याने मिळतात ते वाढदिवसाचे. मिकी माऊस, छोटा भीम, अस्वल. गवा कुठला मिळायला! शेवटी तपकिरी बैलावर भागवलं. पोरांनी आधी पाय बघितले. "पांढरे मोजे कुठायत?" गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात हे इथल्या पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. शिंप्याकडून पांढऱ्या पट्ट्या शिवून आणल्या तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

आत शिरला तो करूळ घाटाखालचा तरुण, शिमग्यात सोंगं घेणारा. कपाळाला पंचा, अंगात सुती बनियन. मग पाय, मग स्पंजचं पोट. पाठीची चेन दुसऱ्यानेच लावायची. डोकं सगळ्यात शेवटी. गव्याचे डोळे नुसते रंगवलेले. माणूस बघतो तोंडाच्या जाळीतून. समोरचं मैदान दिसतं, पायाशी आलेलं पोर दिसत नाही. म्हणून शेजारी सोबती हवाच. हात एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर मला बाहेर ने. पंधरा-वीस मिनिटांत डोकं उतरवावंच लागतं, थंडीतसुद्धा. आणि घामाने भिजलेला पोशाख इथल्या धुक्यात वाळतो म्हणता? रात्रभर पंख्याखाली उलटा टांगून ठेवला, तरी सकाळी दमटच.

आतून बोलायचं नाही, हा पहिला नियम. "आवाज आला की गवा संपला," तो म्हणाला. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे शुभंकरही सहसा तोंड उघडत नाहीत. १८८९ मध्ये येल विद्यापीठाने हँडसम डॅन नावाचा खराखुरा बुलडॉग आणला, त्याला ही अडचण नव्हती.

क्रीडादिनी मैदानात हलगी सुरू झाली. बाकीचे नाचले. आमचा गवा नाचला नाही. मान खाली घातली, एक पाय जमिनीवर घासला आणि तसाच उभा राहिला. पहिल्या रांगेतली पोरं दोन पावलं मागे सरकली. गव्याला नाचवणारे मी पाहिलेत. गवा कळलेला हा एकच.

नंतर गर्दी अंगावर आली. कुणी शिंग धरलं, कुणी शेपूट. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये भरकटलेल्या खऱ्या गव्याच्या मागेही अशीच गर्दी धावली होती. तो त्या धावपळीत मेला.

तेव्हा आयोजकांना एवढंच सांगणं: सोबती दोन ठेवा, पाणी हाताशी ठेवा आणि आतल्या माणसाचे पैसे त्याच संध्याकाळी द्या. प्रेक्षकांनी शेपूट सोडावी.